साडेपंचवीस

मी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात भेटलेल्या प्रत्येक माणसाने मला ते एकदा तरी ऐकवलेलं आहे. "अहो, तुम्ही तर पाणीखात्यातले!" हे वाक्य लोक ज्या सुरात म्हणतात तो सूर आता मला पाठ झालाय. त्यात आश्चर्य थोडं आणि चेष्टा जास्त असते. लोकांना कसं समजावायचं की आमच्या खात्यातलं पाणी फायलीत असतं? ते येतं, तुंबतं, पुढच्या टेबलावर सरकतं, कधीकधी मुरतंसुद्धा. पण त्याला तापमान नसतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाने मला "पाणी किती अंशांवर आहे?" असं विचारलेलं नाही.

विचारलं ते ताईने.

ताई माझी थोरली बहीण. शाळेत जीवशास्त्र शिकवते, एकटी राहते, आणि माझे केस पांढरे झाले तरी मला चारचौघांत 'बारक्या' म्हणते. तिने आजवर माझ्यावर कसलीही जबाबदारी टाकलेली नाही. लहानपणी एकदा छत्री सांभाळायला दिली होती, ती मी हरवली. तेव्हापासून विषयच संपला. आईच्या औषधपाण्यापासून माझ्या लग्नापर्यंत सगळं तिने परस्पर उरकलं. त्यामुळे तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती मला म्हणाली, "बारक्या, माझी टाकी तुझ्याकडे ठेवते," तेव्हा माझी छाती शर्टाच्या बटणांना पेलेना.

ही टाकी म्हणजे साधी माशांची पेटी नव्हे. माणूस आडवा झोपेल एवढी लांब काच, आत खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. मला तोवर वाटायचं, प्रवाळ म्हणजे अंगठीतला खडा. पण ते जिवंत असतात, खातात, बोटं पसरून डुलतात आणि रुसले की मिटून बसतात. त्यातलं एक हिरवट बोटांचं झुपकेदार प्रवाळ ताईने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं होतं. त्याच्याकडे बघताना तिचा चेहरा असा काही मऊ व्हायचा, की मला माझं अख्खं बालपण त्या चेहऱ्याच्या शोधात गेलं असं वाटून जायचं.

"खाणं, दिवे, पाण्यातलं मीठ हे दुकानदार येऊन बघेल," ताई म्हणाली. "तू फक्त तापमान सांभाळ. पंचवीस ते सव्वीस. ही डबी बघ. पाणी गार झालं की ही आपोआप हीटर लावते, गरम झालं की पंखे लावते. आणि नीट ऐक. थोडं जास्त झालं तर ही पोरं सोसतात. थोडं कमी झालं तरी सोसतात. पण झोके सोसत नाहीत. वर-खाली, वर-खाली झालं की पांढरी पडतात आणि जातात."

"एवढंच ना?" मी म्हणालो.

माणसाने तोंडातून काढू नयेत अशा शब्दांत 'एवढंच' या शब्दाचा नंबर फार वर लागतो.

टाकी आली आणि आमचा सोफा गेला. तो खालच्या मजल्यावरच्या बॉयलरकाकांकडे ठेवला. काका आयुष्यभर कारखान्यांतले बॉयलर तपासत हिंडले, म्हणून त्यांना सगळी इमारत बॉयलरकाका म्हणते. आमची जादा किल्लीही त्यांच्याकडेच असते. आता रोज संध्याकाळी ते माझ्याच सोफ्यावर पाय पसरून मला म्हणायचे, "या, बसा ना!" आणि मी माझ्याच सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखा अवघडून बसायचो.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी टाकीभोवती प्रदक्षिणा घातली.

"नियमात पाळीव प्राणी बसतात, फर्निचर बसतं, पाण्याची साठवण बसते," ते म्हणाले. "समुद्र बसत नाही."

"मग आता?"

"साठवण धरू. पण साठवणीला पाणीपुरवठा खात्याचं ना-हरकत पत्र लागतं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोच तो सूर लावला, "तुम्ही तर पाणीखात्यातलेच!"

मी अर्ज केला. अर्ज रीतसर फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. आता मी तत्त्वाचा माणूस. घरचा अर्ज म्हणून डोळे झाकून पुढे ढकलणं मला शोभलं नसतं. मी त्यावर शेरा मारला, 'पाण्याचा स्रोत नमूद नाही.' मग नागरिक या नात्याने खुलासा केला, 'समुद्र, दुकानात तयार केलेला.' हा खुलासा कारकून या नात्याने मला असमाधानकारक वाटला. फाईल साहेबांकडे गेली. त्यांनी ती दोनदा उलटसुलट करून पाहिली.

"अर्जदार आणि तपासणारा एकच माणूस दिसतोय."

"हो साहेब."

"मग त्याला प्रत्यक्ष भेटा आणि काय ते मिटवा."

मी जेवणाच्या सुट्टीत स्वतःला भेटलो. चर्चा थोडी ताणली गेली, पण शेवटी मी माझं म्हणणं मान्य केलं आणि पत्र मिळालं.

इकडे घरात आईने माशांची बारशी उरकली होती. टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी होती. त्यातली मादी थोराड आणि हुकमी. नर चिमुकला, सतत तिच्या मागेमागे करणारा आणि अधूनमधून उगाचच थरथरणारा. आईने मादीला 'थोरली' म्हणायला सुरुवात केली आणि नराला 'बारक्या'.

"आई, ते माझं नाव आहे."

"म्हणूनच ठेवलं. सवयीचं आहे."

"दिसतोही तसाच," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. ती बँकेत आहे, त्यामुळे शेरे मारायची सवय आम्हा दोघांनाही आहे. पण तिचे जास्त झोंबतात.

मी घरात जाहीर केलं, "या टाकीला माझ्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. ताईने ती माझ्यावर सोपवली आहे." सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या घरात सगळ्यांनी एकदम मान डोलावली की मला धास्ती वाटायला हवी होती. पण मी त्या वेळी कर्तव्याच्या धुंदीत होतो.

पहिले काही दिवस आकडा शहाण्यासारखा साडेपंचवीसला बसून होता. आणि मग बिनसलं. सकाळी पंचवीसच्या खाली, संध्याकाळी घरी यावं तर अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक, संध्याकाळी चोवीस. मी डबीची बटणं दाबायला लागलो. सकाळी निघताना थोडं वर, आल्यावर थोडं खाली. पण जितकं करावं तितका तो आकडा माझी फजिती करायचा.

मी बॉयलरकाकांचा सल्ला घेतला. "उष्णता हा माझा प्रांत," असं म्हणून त्यांनी आधी मला वाफेचा दाब, मग सुरक्षेची झडप आणि मग त्यांच्या ऐन उमेदीत एका कारखान्यात टळलेला स्फोट हे सगळं समजावून सांगितलं. मी माझ्या सोफ्याच्या कडेवर बसून ते ऐकलं. शेवटी मी विचारलं, "पण काका, मी काय करू?"

"लक्ष ठेवा," ते म्हणाले.

सेक्रेटरींचं मत पडलं की टाकी वास्तविक तळमजल्यावर हवी. ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं की पाण्यात तुरटी फिरवा, सगळं शांत होतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, मशीन एकदम ओके आहे. तुमच्याकडे घरात काहीतरी गडबड आहे." मला याचा राग आला. माझ्या घरात गडबड! कर्तव्याची एवढी कडक शिस्त असताना!

राग येण्याचं खरं कारण वेगळं होतं. हिरवं झुपकेदार प्रवाळ मिटलं होतं. त्याच्या कडांना फिकट, जवळजवळ पांढरी किनार दिसायला लागली होती.

आणि तिकडे हॉस्पिटलात ताईचं ऑपरेशन एकदा पुढे ढकललं गेलं होतं. रक्तदाब चढला म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, पेशंटच्या मनावर कसलं तरी ओझं आहे, ते काढा. ओझं कसलं ते आम्हाला माहीत होतं. ती रोज संध्याकाळी फोन करायची. स्वतःच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. पहिला आणि एकच प्रश्न, "किती आहे?"

मी टाकीकडे पाठ करून सांगायचो, "साडेपंचवीस."

"नक्की?"

"नक्की, ताई. अगदी साडेपंचवीस."

हे मी रोज सांगत होतो. एकदा अठ्ठावीस असताना सांगितलं आणि एकदा चोवीस असताना. ऑपरेशनची नवी तारीख मिळाली होती, रक्तदाब खाली राहणं गरजेचं होतं, आणि मला वाटलं, एवढं एक खोटं बोलायला काय हरकत आहे! फोन ठेवला की मात्र मी त्या मिटलेल्या प्रवाळासमोर जाऊन उभा राहायचो. ताईने इतक्या वर्षांनी मला दुसरी छत्री दिली होती, आणि तीही माझ्या हातून निसटत होती.

शेवटी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी गुपचूप घरी आलो. म्हटलं, समोर बसूनच बघावं, हे पाणी दिवसभर करतं तरी काय. आई आतल्या खोलीत पडली असावी. मी बाहेरच्या खोलीतल्या पडद्यामागे, खिडकीच्या कट्ट्यावर दबा धरून बसलो. सरकारी माणसाला बसायचं शिकवावं लागत नाही.

थोड्या वेळाने आई आली. हातात तिची लोकरीची शाल. तिने हाताची मागची बाजू काचेला लावली, लहान मुलाच्या कपाळाला लावतात तशी, आणि "गारठलीत रे बिचारी," असं पुटपुटत ती शाल टाकीभोवती व्यवस्थित गुंडाळली. पंख्यांच्या तोंडावरून एक पदरही सोडला. मग बारक्याला, म्हणजे माशाला, "झोप आता," असं सांगून ती आत गेली.

मी पडद्याला हात घातला. पण बाहेर पडणार इतक्यात दारात किल्ली फिरली आणि ही आत आली. बँकेच्या वेळेत, भर दुपारी! तिने शाल पाहिली, कपाळावर हात मारला, शाल काढून घडी घातली, आकडा वाचून "बाई गं!" म्हणाली, आणि फ्रीजरमधून बर्फ झालेल्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणून टाकीत सोडल्या. थोरली त्यातल्या एका बाटलीवर धावून गेली. ही घाईघाईने पर्स उचलून पुन्हा दाराकडे वळली, तोच दार बाहेरून उघडलं.

बॉयलरकाका. एका हातात आमची किल्ली, दुसऱ्या हातात रबराची गरम पाण्याची पिशवी.

हिने पिशवीकडे पाहिलं, काकांनी टाकीतल्या बाटल्यांकडे.

"तुम्ही इथे?" ही म्हणाली.

"मी रोज या वेळी येतो," काका म्हणाले. "कोणीतरी इथे बर्फ टाकून जातं. तापमान धाडकन खाली येतं. मी बाटल्या काढतो, हीटर वर करतो आणि ही पिशवी काचेला टेकवून ठेवतो. उष्णता हा माझा..."

"तो बर्फ मी टाकते!" ही ओरडली. "कारण कोणीतरी टाकीला शाल गुंडाळतं!"

"थंडी वाजते त्यांना!" आतून आई बाहेर आली. "सकाळी हा पठ्ठ्या बटणं दाबून जातो, मग पंखे भणाणत सुटतात. मी बघते ना!"

"मी पंखे लावत नाही, मी हीटर वर करतो!" असं मी पडद्यामागून म्हणालो आणि पडद्यासकट बाहेर आलो. पडद्याची दांडीही आली.

मी दांडी भिंतीला टेकवली आणि हिशेब मांडला. आम्ही चौघं. एकाने वर करायचं, दुसऱ्याने खाली, तिसऱ्याने झाकायचं, चौथ्याने उघडायचं. बाकी तिघं चोरून, कारण मी हात लावायला बंदी घातली होती. आणि बंदी घालणारा मीही रोज बटणं दाबत होतो. त्या बिचाऱ्या डबीला स्वतःचं काम करायला दिवसातली एक घटकाही आम्ही मिळू दिली नव्हती. ताईने ज्याची भीती घातली होती तो झोका आम्हीच होतो.

"पण तुम्ही हे केलं कशासाठी?" मी काकांना विचारलं.

काका पिशवी या हातातून त्या हातात करत म्हणाले, "आमची ही आजारी होती तेव्हा तुमची ताई रोज शाळेतून परस्पर डबा घेऊन यायची. मला परतफेड करायला दुसरं काही सुचेना. म्हटलं, निदान मासे तरी..."

मला कोणाला ओरडावं तेच कळेना. तितक्यात फोन वाजला.

हॉस्पिटलातली नर्स होती. आवाज करडा. "पेशंटचा बीपी पुन्हा चढलाय. डॉक्टर म्हणतायत, असंच राहिलं तर उद्याचंही रद्द. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. आणि हे बघा, त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

मी फोन स्पीकरवर टाकला. मग ताई. "बारक्या, तू खोटं बोलतोयस."

"कशावरून?"

"रोज साडेपंचवीस? एक दिवस पावणेसव्वीस नाही, एक दिवस सव्वापंचवीस नाही? अरे, मी एवढी वर्षं ती टाकी सांभाळते, माझ्याकडे कधी इतकं स्थिर राहिलं नाही. मी इथे पडून तेच तेच घोकतेय. सगळी मेली असतील आणि तू मला साडेपंचवीस सांगत बसला असशील! खरं काय ते सांग."

मी सगळ्यांकडे पाहिलं. आईने मानेनेच सांगितलं, सांग.

मी सांगितलं. अठ्ठावीस, चोवीस, शाल, बर्फ, रबरी पिशवी, पडद्याची दांडी. प्रवाळाची पांढरी किनारही सांगितली, तेव्हा आईने पटकन माझ्या पाठीवर हात ठेवला.

पलीकडे कॉट करकरली. मला वाटलं, रक्तदाब गेला हाताबाहेर. मग खुसखुस ऐकू आली. ताई हसत होती. दम लागेपर्यंत हसत होती. "शाल?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "आईने टाकीला शाल गुंडाळली?"

"तुझीच आहे ती शाल," आई फोनकडे तोंड करून म्हणाली. "तूच आणून दिलेली. म्हटलं, ऊब तुझीच लागू दे त्यांना."

हसू थांबलं. ताईने नाक ओढल्याचा आवाज आला. मग वर्गात बोलतात तशा आवाजात ती म्हणाली, "आता नीट ऐका. डबी साडेपंचवीसवर ठेवा. बर्फ काढा. हीटर होता तिथे आणा. आणि मग सगळे जण लांब जाऊन बसा. काहीही करायचं नाही. कितीही माया आली तरी नाही. किनार पांढरी झाली म्हणजे मेलं असं नाही, ते परत रंग धरतं. फक्त त्याला एका जागी राहू द्या."

फोन पुन्हा नर्सने घेतला. "काय सांगितलंत हो त्यांना? बीपी उतरायला लागलाय."

"खरं सांगितलं," मी म्हणालो.

"मग आधीच का नाही सांगितलं?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

काहीही न करणं हे किती मेहनतीचं काम आहे, याची लोकांना कल्पना नाही. सोफा काकांकडे असल्यामुळे आम्ही खुर्च्या एका ओळीत मांडून टाकीसमोर बसलो. आईने हात मांडीखाली दाबून ठेवले. ही सारखी फ्रीजकडे बघायची आणि काका सारखे हीटरकडे. मी सरकारी नोकर असूनही मला ते जड गेलं. पण संध्याकाळपर्यंत आकडा हळूहळू साडेपंचवीसवर आला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ही हॉस्पिटलात. ताईला आत नेताना तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "बारक्या, घरी कोण आहे?" मी म्हटलं, "आई आणि काका. मांडीखाली हात दाबून बसलेत." ती हसतच आत गेली.

आणि थोड्याच वेळात काकांचा फोन. "वीज गेली."

मी बाकावरून उठलो. "का?"

"रस्त्यावर खोदकाम चाललंय, त्यात केबल तुटली."

"कोण गाढव खोदतंय?"

काका आवाज खाली आणून म्हणाले, "पाणीपुरवठा खातं."

मला फाईल आठवली. खोदाईच्या परवानगीची फाईल महिनाभर माझ्या टेबलावर पडून होती आणि परवाच मी, टाकीच्या चिंतेत न वाचता, पुढे सरकवली होती. माझ्या हातून एक काम झटपट झालं, आणि ते नेमकं हे.

मी ताबडतोब निघणार होतो, पण मला थांबवलं ते काकांनी. "तुम्ही बहिणीपाशी थांबा. आम्ही इथे आहोत. आकडा कळवत राहतो."

पुढे घरी काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. पंप बंद, पंखे बंद, बाहेर ऊन मी म्हणत होतं. आई सरळ सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली. सेक्रेटरी म्हणाले, जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी आहे, नियमात दुसरं काही बसत नाही. आई म्हणाली, "माझी लेक आत्ता या घटकेला ऑपरेशनच्या टेबलावर आहे. ती शुद्धीवर आली की पहिलं टाकीचं विचारणार. तिला काय सांगू ते तुम्ही मला लिहून द्या." सेक्रेटरींनी चष्मा कपाळावरून खाली आणला, तिच्याकडे पाहिलं, आणि स्वतः जिन्यातून आमच्या घरापर्यंत वायर ओढली. लिफ्ट बंद ठेवून. आमच्या इमारतीत त्या दिवशी सगळे पायी चढले आणि चढणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या फ्रीजरमधून एकेक बर्फाची बाटली आणून दिली.

पण या वेळी कोणीही मनाने काही केलं नाही. काका दारात उभे राहून बाटल्या घेत होते आणि ओळीने ठेवत होते. "एका वेळी एकच. ही वितळली की दुसरी. झोका नको!" आई आकडा वाचायची, सेक्रेटरी वायर धरून बसले होते, आणि पंख्यांच्या वाऱ्याने पाण्याची वाफ होऊन पातळी उतरेल तसं काका दुकानदाराला फोनवर विचारून त्यात साधं पाणी थोडं थोडं घालत होते.

इकडे हॉस्पिटलात माझा फोन वाजायचा आणि काका जाहीर करायचे, "पंचवीस आठ!" मग "पंचवीस नऊ!" मग "सव्वीस!" मी ते मोठ्याने हिला सांगायचो. शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी हळहळत विचारलं, "ताप फारच उतरलाय हो तुमच्या पेशंटचा. डॉक्टरांना सांगितलंत का?"

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले तेव्हा हिने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे वळ दिसत होता.

ताईला शुद्ध आली. ओठ कोरडे, डोळे अर्धवट. तिने मला ओळखलं, आणि जिभेने ओठ ओले करून विचारलं, "किती?"

खरं सांगतो, 'साडेपंचवीस' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. इतका सवयीचा झाला होता. पण मी म्हणालो, "सव्वीस पॉइंट दोन. वीज गेली होती. पण झोका नाही बसला. हळूहळू चढलं आणि तिथे थांबलंय."

ताईने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर ते मऊ हसू आलं, प्रवाळाकडे बघतानाचं. आणि या वेळी ते माझ्यासाठी होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने डोळे न उघडताच तिने विचारलं, "वीज कशाने गेली?"

"आमच्या खात्याने केबल तोडली."

"हसवू नकोस. टाके दुखतात."

ताई आता बरी होईपर्यंत आमच्याकडेच राहणार आहे. परवा घरी आली तेव्हा सगळे जमले होते. वॉकर टेकत टेकत ती टाकीपाशी गेली. हिरवं प्रवाळ पुरतं उघडलं नव्हतं, पण त्याची बोटं बाहेर आली होती आणि पांढऱ्या किनारीत पुन्हा हिरवा रंग भरत होता. थोरली काचेपाशी येऊन ताईला ओळख देऊन गेली, आणि तिच्या मागोमाग बारक्या थरथरत आला. ताई वॉकरसकट वळली. मग तिने एकेकाकडे पाहिलं. आईकडे, हिच्याकडे, काकांकडे, सेक्रेटरींकडे. तिला काही बोलता येईना. ताईला बोलता येत नाही हे मी प्रथमच पाहत होतो, म्हणून तिच्या वतीने मीच म्हणालो, "तुम्हा सगळ्यांचे फार उपकार आहेत आमच्यावर." एरवी मी आभार मानतो ते पत्राच्या शेवटी, छापील. हे आतून आलं. सेक्रेटरी म्हणाले, "लिफ्टबद्दल एक खुलासा मात्र लेखी द्या." काका म्हणाले, "सोफा काही दिवस राहू द्या आमच्याकडे."

ताईने डोळे पुसले आणि सवयीने वाकून डबीवरचा आकडा वाचला. "पंचवीस सात," ती पुटपुटली. "किंचित जास्त आहे," आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"हात मागे!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

ताईने दचकून हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो होतो आणि तिने चक्क ऐकलं होतं. मग ती आमच्या ओळीत रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीवर येऊन बसली, आईची शाल पायांवर घेतली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.